नेमिंग सर्व्हिसमधली सगळी नावं एकदम वाचावी की टप्प्यानं?

वाळूजकर: कोर्बावरची (वेगवेगळ्या मशीनवरचे प्रोग्राम एकमेकांशी जोडणारं तंत्र) जुनी यंत्रणा, जावा ८. नेमिंग सर्व्हिस म्हणजे नावावरून ऑब्जेक्ट शोधून देणारी सेवा, ती नेम सर्व्हरवर चालते. एका कॉन्टेक्स्टमध्ये (नावांच्या फोल्डरमध्ये) १,४०० च्या आसपास नावं. दर ५ मिनिटांनी 'लिस्ट' मारून १०० नावं घेतो, बाकीची 'नेक्स्ट एन'नं. नेम सर्व्हरची मेमरी फुगतच चाललीय. टप्पा किती ठेवावा? नवीन मशीन अन् नवीन जावा सुचवू नका, खर्चाला मंजुरी नाही.

लातूर_सीप्लसप्लस: टप्प्यानं काही बिघडत नाही. पण उरलेली नावं देणारा बाइंडिंग इटरेटर सर्व्हरवर जन्मतो. तुम्ही रेफरन्स सोडला तरी तो तिकडं तसाच बसून राहतो, 'डिस्ट्रॉय' म्हणेपर्यंत. ५ मिनिटांना एक, म्हणजे दिवसाला २८८. 'डिस्ट्रॉय' फायनली ब्लॉकमध्येच टाका, मधे एक्सेप्शन आलं तरी चुकायला नको.

जालना_मिडलवेअर: ८ जीबी रॅम टाका, मोकळे व्हा.

नांदेड_०२४६२: रॅमनं गळती थांबत नसते, उशिरा दिसते एवढंच. 'डिस्ट्रॉय'च करा. पण आधी इटरेटर नल (म्हणजे नाहीच) आहे का बघा. पहिल्याच यादीत सगळी नावं मावली तर तो नलच येतो.

परभणी_जावा: जावा ११ मधून कोर्बा काढून टाकलंय. आज ना उद्या हलावंच लागणार.

बीड_ओआरबी: जावा नको म्हणलेत ना ते! कामाचं सांगतो. बाइंडिंगमध्ये, म्हणजे यादीतल्या एका नोंदीत, नाव अन् प्रकार एवढंच मिळतं, ऑब्जेक्ट नाही. त्यासाठी 'रिझॉल्व्ह' करावं लागतं, अन् तेवढ्यात कुणी अनबाइंड केलं, म्हणजे नाव काढून टाकलं, तर 'नॉट फाउंड' येतं. ते पकडा, पुढच्या नावावर जा. नावाचे दोन भाग असतात, आयडी अन् काइंड. छापताना आयडीसोबत काइंडही छापा. 'प्रेस७'सारखा एकच आयडी दोनदा दिसला तर काइंड वेगळा असतो. अन् उप-कॉन्टेक्स्टमध्ये उतरत असाल तर पाहिलेल्यांची नोंद ठेवा, कॉन्टेक्स्ट एकमेकांत गुंतलेले असले की फेरा संपतच नाही.

नांदेड_०२४६२: अजून एक, 'नेक्स्ट एन'ला ० देऊ नका, 'बॅड पॅरम' एक्सेप्शन येतं. 'लिस्ट'ला ० चालतं, तेव्हा यादी रिकामी अन् सगळं इटरेटरवर.

वाळूजकर: टप्पेच काढून टाकतो. 'लिस्ट'लाच २,००० देतो, म्हणजे इटरेटरची भानगडच नको.

लातूर_सीप्लसप्लस: आज चालेल. पण २,००० ही कमाल मर्यादा आहे. नावं त्यापुढं गेली की इटरेटर परत येणार, अन् बाकीची नावं तुमच्या यादीतून गुपचूप गायब होणार. नलची तपासणी अन् 'डिस्ट्रॉय' काढू नका.

वाळूजकर: दोन्ही ठेवतो. २,००० मात्र पक्कं.