दिलीपकुमार, अमिताभ की शाहरुख? मदत हवी आहे

मंडळी, घरात भांडण पेटलंय. बाबा म्हणतात दिलीपकुमारपुढे सगळे फिके, मी अमिताभवाला आणि पोरगी शाहरुखची कट्टर फॅन. आता रविवारी तिघांनी बसून एकच रोल दोघांनी केलेले पिक्चर लागोपाठ बघायचं ठरलंय, म्हणजे देवदास १९५५ आणि २००२ (दोघांनाही त्यासाठी फिल्मफेअर मिळालंय, त्यामुळे वाद मिटणार कसा देव जाणे), मग डॉन १९७८ आणि २००६. 'शक्ती' तर हवाच, त्यात दिलीपकुमार-अमिताभ समोरासमोर आहेत, पण बाबा आत्ताच म्हणतायत की तिथे अमिताभ नुसता गप्प उभाय, अहो ते गप्प राहणंच तर भारीये ना! दिलीपकुमार-शाहरुख तुलनेला देवदास सोडून अजून काय लावू? प्लीज सुचवा.