डोर्नाकलचे बिशप अझरिया: १९१२ साली एक भारतीय माणूस बिशप कसा काय झाला?

पानगळ_७

नमस्कार मंडळी. येवल्याच्या घोषणेनंतरचा काळ वाचतोय सध्या, म्हणजे १९३५ नंतर बाबासाहेबांनी कुठल्या धर्मात जावं यावरून देशभर जी चर्चा पेटली होती तो. त्यात दोनतीनदा डोर्नाकलचे बिशप अझरिया हे नाव आलं आणि मी अडकलो. तमिळ माणूस, अँग्लिकन चर्चचा बिशप, तोही १९१२ पासून, आणि काम निजामाच्या राज्यातल्या तेलुगू खेड्यांत. मराठीत यांच्याबद्दल काहीच सापडत नाहीये.

माझे प्रश्न साधे आहेत. इंग्रजांचं राज्य, इंग्रजांचं चर्च, मग तिथे भारतीय माणसाला एवढं पद मिळालंच कसं? खरी सत्ता होती की फोटोपुरतं उभं केलं होतं? आणि गांधीजींशी यांचं नक्की कशावरून बिनसलं? कोणाला माहिती असेल तर जरा सविस्तर सांगा, घाई नाही.

---

मोडीवाचक

चांगला विषय काढलास. पूर्ण नाव वेदनायगम सॅम्युएल अझरिया, जन्म १७ ऑगस्ट १८७४, तिरुनेलवेली भागातलं वेल्लालनविलै नावाचं गाव. वडील गावातल्या चर्चचे पाद्री. जात नाडार, आणि हे लक्षात ठेव कारण पुढचं सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे. त्या काळी नाडारांना देवळात घेत नव्हते, ताडी काढणारी जात म्हणून लांब ठेवायचे, त्यातले बरेच जण १९व्या शतकात ख्रिस्ती झाले आणि शिकून पुढे आले.

हे मद्रास ख्रिश्चन कॉलेजात शिकले पण पदवी काही पूर्ण झाली नाही. १८९५ पासून १९०९ पर्यंत वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेचे सेक्रेटरी, दक्षिण भारतभर फिरती. १९०२ मध्ये श्रीलंकेतल्या जाफन्याला गेले आणि तिथे त्यांनी बघितलं की तिथले तमिळ ख्रिस्ती स्वतःचे पैसे जमवून स्वतःची माणसं धर्मप्रसाराला बाहेर पाठवतायत. हे त्यांच्या मनाला फार लागलं, की तिरुनेलवेलीत आपण इतक्या पिढ्या ख्रिस्ती आहोत आणि अजून सगळं विलायतेच्या पैशावर चाललंय. परत आल्यावर १९०३ मध्ये इंडियन मिशनरी सोसायटी ऑफ तिरुनेलवेली काढली, आणि १९०५ च्या नाताळच्या दिवशी बंगालात सेरामपूरला नॅशनल मिशनरी सोसायटी. दोन्हीचं सूत्र एकच, माणसं भारतीय, पैसा भारतीय, कारभार भारतीय. आणि हे साल बघ, १९०५, म्हणजे बाहेर स्वदेशीची चळवळ तापलेली आहे आणि चर्चच्या आत हा माणूस तेच करतोय, फक्त विलायती कापडाची होळी न करता.

तिरुनेलवेलीच्या सोसायटीने काम करायला जागा निवडली ती डोर्नाकलच्या आसपासची, आताच्या तेलंगणातली. आणि मला या माणसाबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो इथे. मोठ्या संस्थेतलं चांगलं पद होतं, देशाबाहेर नाव होतं, १९०७ मध्ये टोकियोला जागतिक परिषदेला जाऊन आले होते, ते सगळं सोडून १९०९ मध्ये पाद्रीपदाची दीक्षा घेतली आणि बायको अन्बू आणि मुलाबाळांना घेऊन डोर्नाकलला राहायला गेले. भाषा तेलुगू, ती नव्याने शिकावी लागली. दुसऱ्यांना जा म्हणणं सोपं असतं, हे स्वतः गेले.

---

सांजवात

१९१२ च्या आधी १९१० ची एडिंबरोची परिषद सांगायलाच हवी, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

जगभरच्या प्रोटेस्टंट मिशनऱ्यांची परिषद होती ती, बाराशेच्या आसपास प्रतिनिधी आणि त्यात आशियातले वीससुद्धा नव्हते. अझरियांना बोलायला विषय दिला होता परदेशी आणि देशी कामकऱ्यांचे संबंध. त्यांचं वय वर्षं पस्तीस, समोर सगळे साहेब, आणि त्यांनी उभं राहून सांगितलं की तुम्ही लोक आमच्यासाठी खूप केलंत पण आम्हाला बरोबरीने वागवत नाही, एकाच चर्चमध्ये वर्षानुवर्षं काम करणारा भारतीय पाद्री तुमच्या घरी जेवायला कधी आला नाही की तुम्ही त्याच्या घरी गेला नाहीत. शेवट तर प्रसिद्धच आहे. तुम्ही गरिबांना खाऊ घालायला तुमची संपत्ती दिलीत, तुमची शरीरं जाळायला दिलीत, आम्हाला प्रेमही हवं आहे, आम्हाला मित्र द्या. बायबलमधल्या प्रेमाच्या अध्यायातलंच वाक्य त्यांच्यापुढे ठेवलं. काही जण चिडले, काहींना मनापासून पटलं.

चिडण्याला अजून एक कारण होतं. मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड (गणितज्ञ तत्त्वज्ञ आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड यांचे भाऊ) अझरियांना बिशप करायच्या खटपटीला लागले होते आणि बऱ्याच गोऱ्या मिशनऱ्यांना हे नको होतं. गोरा मिशनरी काळ्या बिशपच्या हाताखाली कसा राहील, हा खरा प्रश्न, बाकी वय लहान आहे, अनुभव कमी आहे वगैरे वरवरचं. आणि विरोध फक्त गोऱ्यांचा नव्हता, आपल्यातल्या वरच्या जातीतून आलेल्या काही ख्रिस्ती लोकांनाही नाडार माणूस बिशप म्हणून नको होता. जात चर्चमध्ये शिरली होतीच.

कायद्याचीही गुंतागुंत होती. भारतातलं अँग्लिकन चर्च तेव्हा सरकारी चर्च, बिशपची नेमणूक राजाच्या नावाने व्हायची, ते बंधन सुटलं थेट १९३० मध्ये. डोर्नाकल निजामाच्या हद्दीत म्हणजे ब्रिटिश इंडियाच्या बाहेर, त्यामुळे तिथे नवीन डायोसिस (म्हणजे एका बिशपच्या हाताखालचा प्रदेश) काढणं त्यातल्या त्यात सोपं गेलं. २९ डिसेंबर १९१२ ला कलकत्त्याच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये दीक्षाविधी झाला, अँग्लिकन चर्चचा पहिला भारतीय बिशप.

---

पानगळ_७

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, दोघांचेही खूप आभार. पण मग सत्तेचा प्रश्न राहिलाच. निजामाच्या कोपऱ्यातली छोटी डायोसिस दिली म्हणजे एका अर्थी बाजूलाच बसवलं असं नाही का?

---

कोरडवाहू

सुरुवातीला हो, तसंच होतं. डायोसिस अगदी लहान, आणि गोऱ्या मिशनऱ्यांची मोठी मिशन जिथे होती तो कृष्णा जिल्हा वगैरे तिच्या बाहेर, म्हणजे साहेबांना यांच्या हाताखाली यावं लागू नये. पण १९२० नंतर हद्द वाढवली आणि तो सगळा तेलुगू भाग त्यांच्याकडे आला, त्याबरोबर इंग्रज मिशनरीही. त्यामुळे फोटोपुरतं म्हणता येणार नाही. दुसरी बाजूही सांगतो, १९१२ पासून १९४५ ला ते वारले तोपर्यंत स्वतःची डायोसिस असलेला दुसरा भारतीय अँग्लिकन बिशप झालाच नाही. दार उघडलं ते एका माणसापुरतं. आफ्रिकेत याच्याही आधी असंच झालं होतं, १८६४ मध्ये सॅम्युएल क्राउदर यांना नायजरचे बिशप केलं आणि म्हातारपणी तरुण गोऱ्या मिशनऱ्यांनी त्यांचा कारभार मोडीत काढला, त्यांच्या जागी परत गोरा बिशप आणला. ती आठवण ताजी होती, त्यामुळे अझरिया कुठे चुकतायत यावर लोक टपून असणार.

मला मात्र त्यांचं खेड्यातलं काम जास्त मोलाचं वाटतं. ख्रिस्ती झालेले बहुतेक लोक माला आणि मादिगा, म्हणजे गावकुसाबाहेरचे, वेठबिगारी करणारे, कर्जात बुडालेले. बिशपसाहेब बैलगाडीने, सायकलने गावोगाव फिरायचे. चर्चमध्ये ज्यांचा बाप्तिस्मा झालेला आहे त्यांना स्वतःच्या डोक्यावर हात ठेवायला सांगायचे आणि म्हणून घ्यायचे, माझा बाप्तिस्मा झालेला आहे, मी सुवार्ता (येशूचा संदेश) सांगितली नाही तर माझी दुर्दशा होवो. विचार करा, ज्या डोक्यावर आयुष्यभर दुसऱ्याचं ओझं त्याच डोक्यावर हात ठेवून तो माणूस सांगतोय की माझ्यावर एक जबाबदारी आहे. निरक्षर शेतमजुरालासुद्धा चर्चचा कार्यकर्ता धरायचे ते, नुसता लाभार्थी नाही.

पैशाचंही तसंच. बायका रोज भात शिजवायला घेताना त्यातला मूठभर तांदूळ वेगळ्या मडक्यात टाकायच्या आणि तो चर्चला आणायच्या. गरीब आहेत म्हणून त्यांच्याकडून काही घ्यायचं नाही हे अझरियांना मान्यच नव्हतं, आपला पाद्री आपण पोसायचा म्हणजे मग कोणापुढे मान खाली घालायला नको. यात कडकपणाही होता, दारूबंदी वगैरे बाबतीत ते फार ताठ होते.

आणि डोर्नाकलचं एपिफनी कॅथीड्रल, जमलं तर त्याचा फोटो नक्की बघा. बांधायला वर्षानुवर्षं लागली, १९३९ मध्ये पूर्ण झालं. खांब दक्षिणेतल्या देवळासारखे, वर घुमट आणि मिनार मशिदीसारखे, नक्षीत कमळ आणि क्रूस. इंग्लंडातल्या चर्चची नक्कल करायची नाही हे त्यांनी ठरवलेलंच होतं.

---

मोडीवाचक

गांधींचं राहिलं, ते मी लिहितो.

दोघांमध्ये साम्य बरंच आहे, स्वदेशी, खेडी, साधं राहणं, दारूबंदी, अस्पृश्यतेचा तिटकारा. वाद फक्त धर्मांतराचा, पण तो मुळातलाच. गांधींचं म्हणणं असं की गावच्या गाव ख्रिस्ती होतात त्यात श्रद्धेचा भाग थोडा, पोटापाण्याची आशा जास्त, आणि मिशनऱ्यांनी सेवा करावी पण माणसं आपल्या धर्मात ओढू नयेत. अझरियांचं उत्तर होतं की गरीब माणसालाही आत्मा आहे, त्यालाही देव निवडता येतो, आणि आमच्या लोकांचं राहणीमान, बोलणंचालणं बदललेलं बघून वरच्या जातीतलेही काही लोक आता चर्चमध्ये येतायत. १९३० च्या दशकात त्यांच्या भागात तसं घडलंही होतं.

मला यात अझरिया बरोबर वाटतात. मजुराने धर्म बदलला की लगेच त्याचा हेतू तपासायचा आणि शिकलेल्या माणसाने बदलला की त्याला चिंतन म्हणायचं, हा भेद मला पटत नाही.

पण म्हणून ते काँग्रेसविरोधी किंवा इंग्रजांचे हस्तक होते असं समजू नकोस. ख्रिस्ती लोकांना वेगळे मतदारसंघ द्यायला त्यांचा ठाम विरोध होता. १९३२ च्या जातीय निवाड्यात ते मिळाले तेव्हा समाजातले बरेच पुढारी खूश होते, पण हे म्हणत राहिले की असे कप्पे केले की चर्च म्हणजे एक राजकीय जात होऊन बसेल आणि आपल्याच देशात आपण परके होऊ.

---

पानगळ_७

मतदारसंघाचं हे अजिबात माहीत नव्हतं, म्हणजे त्या प्रश्नावर ते बाबासाहेबांच्या अगदी उलट बाजूला. मग बाबासाहेबांशी त्यांचा संबंध आला तो कसा?

---

सांजवात

त्यांच्या चरित्रात येतं ते असं की आंबेडकरांनी त्यांना विचारलं, आम्ही ख्रिस्ती झालो तर कुठल्या चर्चमध्ये जायचं? आज आम्ही सगळे एक आहोत, तुमच्याकडे आलो तर कोणी अँग्लिकन, कोणी मेथॉडिस्ट, कोणी बाप्टिस्ट, म्हणजे आमची फाटाफूटच. याला अझरियांकडे उत्तर नव्हतं, आणि लाज वाटण्यासारखीच गोष्ट होती कारण हेच ते स्वतः कित्येक वर्षं सांगत होते. १९१९ मध्ये तमिळनाडूतल्या तरंगंबाडीला वेगवेगळ्या चर्चमधले पाद्री जमले, त्यातले बहुतांश भारतीय, आणि एकत्र येण्याचं आवाहन काढलं, त्यात अझरिया पुढे होते. १९२७ ला स्वित्झर्लंडमध्ये लोझानला झालेल्या चर्चच्या परिषदेत ते सरळ म्हणाले की युरोपात चर्चची फूट हा दुबळेपणा असेल, आमच्याकडे ते पाप आहे.

पण वाटाघाटी रेंगाळल्या त्या याच बिशपपदावरून. अँग्लिकन म्हणणार बिशपच्या हातून दीक्षा झाल्याशिवाय पाद्री पुरता पाद्री नाही, आणि प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल लोकांकडे बिशप हा प्रकारच नाही, मग त्यांच्या जुन्या पाद्र्यांची परत दीक्षा करायची का, आणि केली तर आजवर ते कोण होते? शेवटी तोडगा निघाला की आधीचे पाद्री आहेत तसे मान्य, इथून पुढची दीक्षा बिशपच्या हातून. इंग्लंडमधल्या कट्टर अँग्लिकन लोकांना हे अजिबात रुचलं नाही.

१ जानेवारी १९४५ ला अझरिया डोर्नाकललाच वारले. २७ सप्टेंबर १९४७ ला मद्रासमध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झालं. बिशपवाली आणि बिन-बिशपवाली चर्च एकत्र यायची ही पहिलीच वेळ, आणि डोर्नाकल त्याच्या पहिल्या डायोसिसपैकी एक. तुला पुढे वाचायचं असेल तर या वाटाघाटींपासूनच सुरुवात कर, त्यांच्या आयुष्यातली निम्मी धडपड तिथेच आहे.