बी१२, डी, आयर्न सगळंच कमी आलंय, महिन्याला हजारात बसेल असं काय घ्यावं?

स्वाती_नाशिक

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, पाल्हाळ झालं तर माफ करा. गेल्या महिन्यात सोसायटीत एका लॅबचा कॅम्प होता, स्वस्तात सगळ्या टेस्ट, म्हणून मी आणि सासूबाई दोघींनी रक्त दिलं. माझं हिमोग्लोबिन ९.६, बी१२ १४८, डी ११. सासूबाई ६४ च्या आहेत, त्यांचं बी१२ १७०, डी ९, हिमोग्लोबिन मात्र माझ्यापेक्षा चांगलं, ११.८! सासूबाई माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नाही. नवऱ्याला शुगर आहे, आठ वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे, त्याने टेस्ट केलीच नाही, म्हणे मला काय धाड भरलीये.

डॉक्टरांकडे रिपोर्ट नेले तर त्यांनी दोघींना मिळून एक नर्व्हची कॅप्सूल, डीचे सॅशे, आयर्नचं सिरप, कॅल्शियम आणि वर एक मल्टिव्हिटॅमिन असं लिहून दिलं, मेडिकलमध्ये बिल झालं २,८४०. महिन्याचं! त्यात जावेने केसांसाठी गमीजचा डबा पाठवलाय, तो ९९९ चा, त्यावरही सगळी व्हिटॅमिन्स लिहिलीत. आणि आई फोनवर रोज म्हणते की फेकून दे ते सगळं, पालक बीट खजूर खा, आम्ही कधी गोळ्या खाल्ल्या होत्या?

मला खरंच कळत नाहीये की यातलं गरजेचं काय आणि उगाच काय. महिन्याला हजार, फार तर बाराशे निघतील, फी भरायचीये जूनमध्ये. मला दुपारनंतर जिना चढताना धाप लागते आणि पायाच्या बोटांना अधूनमधून मुंग्या येतात, एवढंच. कुणी अनुभवाने सांगेल का?

---

अन्नपूर्णा५६

स्वाती, आई बरोबर सांगतेय गं. थोडं उशिरा कळतं इतकंच. अळीवाचे लाडू कर, नारळाच्या पाण्यात अळीव भिजवून गूळखोबरं घालून, रोज एक. सकाळी नाचणीची आंबील, गव्हापेक्षा कितीतरी पट कॅल्शियम आहे नाचणीत, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. तिळाची चटणी प्रत्येक जेवणात, तीळ तर नाचणीच्याही पुढे. आमटी लोखंडी कढईत कर, चिंच आमसूल घातलं की कढईतलं लोह जास्त उतरतं, फक्त तशीच रात्रभर ठेवू नकोस, काळी होते आणि चवही बिघडते. जेवणावर लिंबू पिळ. हा सगळा खर्च पाचशेच्या आत. गोळ्यांनी पोटं बिघडतात, माझं स्पष्ट मत.

---

गोळीवाला

सातारा भागात माझं मेडिकल आहे, १९ वर्षं झाली, त्यामुळे गोळ्या विकणं हाच माझा धंदा आहे हे आधीच सांगतो म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको.

अन्नपूर्णाताईंचं कॅल्शियमचं आणि लिंबाचं सगळं मान्य. पण बी१२ च्या बाबतीत पालक, बीट, खजूर, अळीव यांचा काडीचाही उपयोग नाही. बी१२ बॅक्टेरिया तयार करतात, ते आपल्यापर्यंत येतं दूध, अंडी, मासे, मटण यातून. भाजीत ते नसतंच. स्पिरुलिनाच्या गोळ्या विकतात त्यातलंही बहुतांश नकली बी१२ असतं, शरीराला वापरता येत नाही. शाकाहारी माणसाला उरलं दूध-दही. रोज अर्धा लिटर दूधदही खरंच पोटात जात असेल तर रोजची गरज जवळपास भागते, पण प्रामाणिकपणे मोजा, चहातलं दूध धरू नका. आणि १४८ म्हणजे रोजच्या गरजेचा प्रश्न राहिलेला नाही, लिव्हरमधला दोनचार वर्षांचा साठाच संपलाय, तो ताकाने भरणार नाही. त्यात मुंग्या येतायत म्हणताय, म्हणजे नसांवर परिणाम सुरू झालेला असू शकतो, तिथे लाडवांची वाट बघू नका. इंजेक्शन लागेल का हे डॉक्टरांना विचारा, मुंग्यांचं त्यांना सांगितलं नसेल तर आधी सांगा. लालभडक रंगाचं असतं ते, थोडं झोंबतं, पण महाग नाही.

आता बिलाचं. त्या नर्व्हच्या कॅप्सूलच्या पट्टीची मागची बाजू वाचा, बारीक अक्षरात असतं. मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी१२ च, १५०० मायक्रोग्रॅम असेल, आणि त्याच्याबरोबर अल्फा लिपोइक ॲसिड, बी६, फॉलिक ॲसिड, अजून चार नावं. पैसे त्या चार नावांचे जातात. नुसतं मिथाइलकोबालामिन किंवा सायनोकोबालामिन (तेही बी१२ च) फार स्वस्त पडतं, जनऔषधी केंद्रात तर आमच्या ब्रँडेडच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात मिळतं (आमच्या धंद्याच्या पोटावर पाय, पण खरं ते खरं). फक्त एक बघा, त्या कॅप्सूलमध्ये प्रेगाबालिन असेल तर ते नसांच्या दुखण्याचं वेगळं औषध आहे, ते मनाने बंद करायचं नाही. आणि मूर्ख बनू नका, फॉलिक ॲसिडची गोळी एकटी घेत बसू नका, त्याने रक्त सुधारलेलं दिसतं आणि बी१२ अभावी नसा मात्र आतून खराब होत राहतात.

आयर्न: सिरप लहान मुलांना ठीक, तुम्हाला कशाला? मनपाच्या दवाखान्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात लाल गोळ्या फुकट मिळतात, आयर्न आणि फॉलिक ॲसिडच्या, सरकारच्या ॲनिमिया मुक्त भारत योजनेतल्या. आधी बी१२ चालू करा म्हणजे वरची भानगड नाही. शी काळी होते, घाबरू नका. बद्धकोष्ठ झालं तर एकाआड एक दिवस घेतली तरी चालते असं आता बरेच डॉक्टर सांगतात, विचारून घ्या. गोळी लिंबूपाण्याबरोबर, आणि चहा कॉफी दीडदोन तास लांब. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी अजिबात नाही, दोघं एकमेकांच्या पायात पाय घालतात, म्हणजे आयर्न सकाळी आणि कॅल्शियम रात्री जेवणानंतर असं काहीतरी. त्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये दोन्ही एकत्र असतील, बघा. पाळी जास्त जात असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, नाहीतर वरून ओतायचं आणि खालून गळायचं असं होतं.

आणि नवऱ्याची बी१२ टेस्ट पहिली करा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी१२ कमी होतं, वर शाकाहारी. ॲसिडिटीची रोजची गोळी असेल तर अजूनच.

---

मालवणी_बांगडो

आमच्याकडे तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं केलं की बी१२ चा विषय संपला 😄 खरंच सांगतो तिसऱ्यांएवढं बी१२ क्वचित कशात असेल, बांगड्यात पण भरपूर, आणि बांगडा गरिबाचा मासा. पण माळकरी सासूबाईंसमोर हे लिहिणं पाप आहे, सॉरी.

---

निवांत_नदीकाठी

बाकी सगळं वर आलंय, मी फक्त डी चं सांगायला लॉगिन केलं. आमच्या वडिलांना दोन वर्षांपूर्वी ६०,००० युनिटचे सॅशे दिले होते, आठवड्याला एक, आठ आठवडे. त्यांनी रोज एक घेतला. चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलेलं, कुणी नीट सांगितलं नाही आणि ते म्हणाले पावडर आहे, दुधात घालून प्यायची, ग्लुकोजसारखी. संपले की स्वतःच जाऊन आणायचे, चिठ्ठी कुणी मागितली नाही. दीडेक महिन्याने त्यांना मळमळ, जेवण जाईना, सारखी तहान, रात्री चारचार वेळा लघवीला, आम्हाला वाटलं शुगर झाली. शेवटी कॅल्शियम वाढलेलं निघालं आणि किडनीवर ताण, ॲडमिट करावं लागलं. सॅशेचे रिकामे तुकडे मी कचऱ्याच्या डब्याशेजारच्या पिशवीत मोजले होते, ३७.

बी१२ जास्त झालं तर लघवीवाटे जातं, डी तसं जात नाही, चरबीत साठतं. त्यामुळे सासूबाईंचे सॅशे तुमच्या ताब्यात ठेवा आणि कॅलेंडरवर वार लिहा, आमच्याकडे आता कालनिर्णयवर रविवारी गोल करतो. जेवणानंतर घ्यायचं, पोटात तूपतेल असलं की लागू पडतं. कोर्स संपला की पुढे किती हे परत विचारायचं, आपल्या मनाने वर्षभर नाही.

आणि सकाळी सातला गॅलरीत काचेच्या आत बसून ऊन खाणाऱ्यांसाठी: काचेतून ते किरण येतच नाहीत. आपली सावली आपल्यापेक्षा छोटी असते तेव्हाचं ऊन लागतं, हातपाय उघडे ठेवून. उन्हाळ्यात नाशकात काय तासभर नको, थोडा वेळ पुरे.

---

गोळीवाला

निवांत, असे दोन किस्से माझ्या दुकानात पण बघितलेत, म्हणून आम्ही आता सॅशेच्या पाकिटावर मार्करने "रविवार" लिहून देतो.

गमीजचं राहिलं. त्यात बायोटिन असतं केसांसाठी, त्याने थायरॉइडची टेस्ट चुकीची येऊ शकते, पुढच्या टेस्टआधी दोनतीन दिवस बंद ठेवा. डब्यावर औषधी वापरासाठी नाही असं इंग्रजीत छापलेलं असेल, कारण कायद्याने तो खाद्यपदार्थ आहे, औषध नाही. केस गळतायत ते बहुतेक हिमोग्लोबिनमुळे. आणि घरात लहान मूल असेल तर गमीज आणि आयर्नच्या लाल गोळ्या दोन्ही वरच्या फळीवर, आयर्नच्या गोळ्या मुलांनी गोड समजून खाल्ल्या तर जीवावर बेततं, गंमत नाही ही.

---

रेखा_अंगणवाडी

माझंही थोडं. रेशनच्या तांदळात मधेमधे वेगळे दिसणारे दाणे आले तर ते प्लास्टिक नाहीयेत!! आमच्याकडे बायका सुपात निवडून काढून कोंबड्यांना टाकतात. तांदळाच्याच पिठात आयर्न, फॉलिक ॲसिड, बी१२ घालून दाणा बनवतात आणि शंभराला एक असा मिसळतात. पण बी१२ त्यात किलोला एक मायक्रोग्रॅमच्या आसपासच, म्हणजे स्वातीताईंना त्याच्यावर भागणार नाही, न फेकणं एवढंच. आणि ज्यांच्या घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमिया आहे त्यांनी तो तांदूळ आणि आयर्नच्या गोळ्या दोन्ही डॉक्टरांना विचारूनच.

---

स्वाती_नाशिक

सगळ्यांचे खूप आभार, रात्री सगळ्या पट्ट्या डायनिंग टेबलवर काढून बसले. बी१२ तीन वेगवेगळ्या गोष्टींत निघालं, डी चार गोष्टींत!! नर्व्हच्या कॅप्सूलमध्ये प्रेगाबालिन नाहीये. काल डॉक्टरांना जाऊन सरळ सांगितलं की हजारात बसवा, आणि मुंग्यांचंही सांगितलं, मागच्या वेळी राहूनच गेलं होतं. ते चिडतील वाटलं होतं पण म्हणाले आधी बोलायचं ना. मल्टिव्हिटॅमिन कट, सिरप कट, मला बी१२ ची काही इंजेक्शनं आणि मग साधी गोळी, सासूबाईंना फक्त गोळी. लाल गोळ्या दवाखान्यातून आणल्या. इंजेक्शनसकट दोघींचं मिळून या महिन्याचं ६१० झालं. नवरा शनिवारी रक्त द्यायला तयार झालाय, धाग्यातला मेटफॉर्मिनचा भाग वाचायला दिला त्याला.

आता नवीन अडचण. सासूबाईंना कुणीतरी भजनीमंडळात सांगितलं की कॅप्सूल जनावराच्या हाडांपासून बनते. खरं आहे का हे? त्यांनी कालपासून सगळंच बंद केलंय.

---

गोळीवाला

खरं आहे. मऊ पारदर्शक कॅप्सूल बहुतेक जिलेटिनची असते. सप्लिमेंटच्या डब्यावर शाकाहारी असेल तर हिरवा ठिपका, नसेल तर तपकिरी त्रिकोण असतो, औषधांच्या पट्टीवर बऱ्याचदा नसतोच, म्हणून गोळी किंवा सॅशे मागा, त्यात जिलेटिनचं कवच नसतं. बी१२ तर बॅक्टेरियापासून आंबवून बनवतात, त्यात काहीच अडचण नाही. डी३ मात्र मेंढीच्या लोकरीतल्या तेलकट भागापासून काढतात, मेंढी मारत नाहीत, लोकर कातरतात फक्त. दगडफुलासारख्या गोष्टीपासूनचं डी३ पण मिळतं पण ते तुमच्या हजारात बसणार नाही. त्यांना खरं काय ते सांगा आणि ठरवू द्या.

---

स्वाती_नाशिक

सांगितलं. दोन मिनिटं गप्प बसल्या, मग म्हणाल्या लोकर चालते, घोंगडी पांघरतोच की आपण. आणि रविवारचा सॅशे मंगळवारी मागायला लागल्या, तो दिला नाही 😄

अन्नपूर्णाताई, लोखंडी कढई काढलीये माळ्यावरून, पण तिला सगळा गंज चढलाय, चिंचेने घासून जाईल का?