माणसाच्या कानांप्रमाणे दोन मायक्रोफोनांनी आवाजाची दिशा ओळखणे : सल्ला हवा आहे

प्रश्न :
आवाजाकडे मान वळवणारा एक लहान यंत्रमानव मी तयार करत आहे. माणसाला दोन कान पुरतात, म्हणून १८ सेंटीमीटर अंतरावर दोन यूएसबी मायक्रोफोन बसवले. परंतु त्याच जागेवरून टाळी वाजवली तरी दर खेपेला कोन वेगळा येतो, आणि पाठीमागचा आवाजही समोरचाच समजला जातो. मायक्रोफोन वाढवावेत, की बाह्यकर्णासारखा आकार बसवावा? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ :
मायक्रोफोन वाढवण्याआधी घड्याळाकडे, म्हणजे मायक्रोफोनमधील आवाज टिपण्याचा ताल ठरवणाऱ्या मंडलाकडे, पाहावे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर १८ सेंटीमीटरांसाठी दोन मायक्रोफोनांपर्यंत आवाज पोहोचण्यातील कालांतर फार तर ५२५ मायक्रोसेकंद भरते, आणि डावे-उजवे सारे काही एवढ्यातच मोजायचे असते. स्वतंत्र यूएसबी मायक्रोफोनांच्या घड्याळांत दहा लाखांत ५० भागांचा जरी फरक असला, तरी दहा सेकंदांत ५०० मायक्रोसेकंदांची तफावत साचते. आपला कोन बदलत राहतो तो बहुधा यामुळेच. एकाच घड्याळावर चालणारे दोन आय-टू-एस (अंकीय ध्वनी पाठवण्याची जोडणी) मायक्रोफोन घ्यावेत आणि आवाजाचे नमुने ४८ किलोहर्ट्झने, म्हणजे सेकंदाला ४८ हजार वेळा, टिपावेत. १६ किलोहर्ट्झला समोरच्या बाजूस एका नमुन्याची चूक जवळजवळ ७ अंशांची पडते, ४८ला ती सव्वादोन अंशांच्या आसपास येते. कालांतर काढण्यासाठी नॅप आणि कार्टर या संशोधकांची १९७६ सालची जीसीसी-फॅट पद्धत (दोन्ही मायक्रोफोनांचे संकेत एकमेकांशी जुळवून पाहण्याची) आजही उत्तम आहे. मात्र टाळी सुरू झाल्यापासूनचे पहिले दोन मिलिसेकंदच विचारात घ्यावेत, कारण अर्ध्या मीटरवरील भिंतीचा प्रतिध्वनी तिसऱ्या मिलिसेकंदाला येऊन पोहोचतो. आपला मेंदूही दिशा ठरवताना पहिल्या लाटेवरच भिस्त ठेवतो.

प्रतिसाद २ :
समोर-मागे हा घोटाळा मात्र घड्याळाने सुटणार नाही. दोन कानांना जोडणाऱ्या रेषेभोवती शंकू कल्पिला, तर त्यावरील सर्व बिंदूंचे कालांतर जवळजवळ सारखेच येते. बाह्यकर्ण येथे मदत करतो, पण मुख्यतः ४-५ किलोहर्ट्झच्या वरच्या आवाजात, आणि कृत्रिम आकारासाठी प्रत्येक दिशेचे वेगळे मोजमाप करावे लागते. त्यापेक्षा मान वळवणे मला अधिक भरवशाचे वाटते. मान १५ अंश उजवीकडे वळवल्यावर नेमका समोरचा आवाज डावीकडे सरकतो, नेमका मागचा उजवीकडे.

प्रश्नकर्ता :
मनःपूर्वक आभार. पण मान वळेपर्यंत टाळी संपलेली असते, शिवाय मोटारीचा आवाज मायक्रोफोनांच्या अगदी लगत असतो.

प्रतिसाद २ :
बोलण्यासारखा चालू राहणारा आवाज असेल, तर मोटार थांबल्यावरच दुसरे मोजमाप घ्यावे. एकाच टाळीत निर्णय हवा असल्यास तिसरा मायक्रोफोन त्याच घड्याळावर, पण पहिल्या दोघांच्या रेषेत न ठेवता मागे बसवावा.