विवस्त्र किनाऱ्यावर जाण्याआधी

ताई, क्रोएशियाच्या सहलीत व्रसार गावाजवळच्या कोवेर्साडा या विवस्त्र किनाऱ्यावर जायचं म्हणताय आणि लोक टक लावून बघतील अशी धास्ती वाटतेय ना? आम्ही बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलेले. जाण्याआधी आमच्याही पोटात गोळा आला होता. पण कोणी बघत नाही हो. ती जागा १९६१ पासून चालू आहे. आजी-आजोबा, लेकुरवाळी कुटुंबं, पोटावर ऑपरेशनचे व्रण असलेली माणसं, सगळी निवांत वाचत पडलेली असतात. सुरुवातीला अंग चोरून बसावंसं वाटतं, मग विसरायला होतं.

स्वतःचा टॉवेल हवाच. खुर्ची असो, बाक असो, आधी टॉवेल पसरायचा, मग टेकायचं. हा नियम तिथे फार काटेकोर पाळतात. मोबाईल पिशवीतच ठेवा, फोटोला सक्त मनाई समजा. सनस्क्रीन मात्र भरपूर लावा, कारण कधी ऊन न लागलेली कातडी फार लवकर भाजते. किनारा खडकाळ आहे आणि पाण्यात काटेरी समुद्री साळिंदर (सी अर्चिन) असतात, तेव्हा रबरी बूट घ्या. लगट, चाळे अजिबात चालत नाहीत.

आणि कोणी 'गोव्यात हे चालतं' म्हणालं, तर ते कृपा करून मनावर घेऊ नका. भारतात असा अधिकृत किनारा नाही आणि भारतीय न्याय संहितेचं कलम २९६ (सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील कृत्याबद्दलचं) अंगाशी येऊ शकतं.

तुमच्या मिस्टरांचं मन नसेल तर ओढून नेऊ नका. आधी मोकळेपणी बोला.