नरक्यावरील संशोधन-निबंधांतून संगणकाने वेचलेली माहिती कशी पारखावी?

जांबोटीकर:
मी बेळगावातील एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो. आमच्या खानापूरकडच्या घाटात आढळणाऱ्या नरक्या या झाडापासून कॅम्प्टोथेसिन हे रसायन मिळते, आणि कर्करोगावरील काही औषधे त्याच्यापासूनच तयार होतात. या झाडावरील निबंधांमधून एक तक्ता करण्याचा विचार आहे: नमुना कुठला, झाडाचा भाग कोणता, द्रावक कोणता आणि कॅम्प्टोथेसिन किती निघाले. एका विद्यार्थ्याने पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीवरील सारांश भाषा-प्रारूपाला (चॅटजीपीटीसारख्या मजकूर वाचून उत्तर देणाऱ्या संगणक-प्रणालीला) देऊन तसा तक्ता करून आणला. तक्ता देखणा आहे. परंतु त्यातील आकडे खरोखरच निबंधांतले आहेत, याची खात्री कशी करावी?

निपाणीचा संगणकवाला:
सर, प्रत्येक आकड्याशेजारी तो ज्या वाक्यातून घेतला ते मूळ वाक्य जसेच्या तसे द्यायला प्रारूपाला सांगा आणि ते वाक्य सारांशात अक्षरशः सापडते का, हे एका छोट्या प्रोग्रामने तपासा. जे सापडत नाही ते प्रारूपाने रचलेले समजून ती ओळ बाद करावी. वाक्य सापडले तरी काम संपत नाही, कारण 'पानांत कॅम्प्टोथेसिन आढळले नाही' अशा वाक्यातून पान आणि कॅम्प्टोथेसिन यांची जोडी जुळवून नकार गाळला जाण्याचा धोका असतोच. एककांचेही तसेच आहे. कोणी टक्क्यांत लिहितो, कोणी ग्रॅममागे मिलिग्रॅममध्ये, 0.3 टक्के आणि ग्रॅममागे 3 मिलिग्रॅम हे एकच प्रमाण असूनही तक्त्यात दहापट वेगळे दिसते. म्हणून मूळ एकक एका रकान्यात ठेवावे आणि रूपांतर प्रारूपाकडून न करवता साध्या सूत्राने करावे.

वनौषधी-वाचक:
त्याआधी निबंध कोणत्या नावाने शोधले, ते पाहा. आज ज्या झाडाला नोथापोडायटिस निमोनियाना म्हणतात, ते जुन्या लेखनात मॅपिया फीटिडा किंवा नोथापोडायटिस फीटिडा या नावांनी येते. कॅम्प्टोथेसिनचा शोध 1966 मध्ये वॉल आणि वाणी यांनी (हे मनसुख वाणी आपल्या नंदुरबारचे) चिनी कॅम्प्टोथेका झाडातून प्रसिद्ध केला. आपल्या झाडात ते असल्याचे 1972 मध्ये भारतीय संशोधकांनी दाखवले, तेही मॅपिया या नावाखाली. एकाच नावाने शोध घेतला तर बाकीच्या नावांखालचे निबंध संगणकापर्यंत पोचतच नाहीत, आणि न पोचलेल्या निबंधाची चूक कोणत्याही तपासणीत दिसत नाही. नावांची यादी आधी करून बेळगावातीलच राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्थेतील एखाद्या वनस्पतितज्ज्ञाला दाखवावी, असे मी सुचवेन.

जांबोटीकर:
दोघांचेही आभार. जुनी नावे शोधात नव्हती, ती आता घालतो. मात्र बहुतेक सारांशांत आकडा एखादाच असतो आणि बाकीचे मोजमाप आतल्या कोष्टकांत. त्यांचे काय करावे?

निपाणीचा संगणकवाला:
कोष्टकांसाठी पूर्ण निबंध लागतो. पबमेड सेंट्रल या पूर्ण निबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर जे निबंध मुक्त परवान्याने आहेत ते एक्सएमएल स्वरूपात (मजकुराच्या प्रत्येक भागाला खूण लावलेल्या फाइलमध्ये) मिळतात, त्यात ओळी आणि रकाने शाबूत राहतात. पीडीएफमधून काढू गेल्यास दोन स्तंभांचा मजकूर एकमेकांत मिसळतो आणि 'खोड'चा आकडा 'मूळ'समोर जाऊन बसतो. ग्रोबिड हे मोफत साधन पीडीएफमधील शीर्षक, परिच्छेद आणि संदर्भ चांगले वेगळे करते, पण कोष्टकांच्या बाबतीत मी त्याच्यावर विसंबणार नाही; एका झाडापुरते काम असल्याने ती हातानेच उतरवलेली बरी. शेवटी शंभरेक सारांश दोन विद्यार्थ्यांकडून स्वतंत्रपणे, प्रारूपाचा तक्ता न दाखवता, भरून घ्यावेत. दोघांचे जिथे जुळत नाही तिथे बहुधा आपल्या रकान्याची व्याख्याच ढिली असते (वजन ओले की वाळलेले, हे लिहिलेले नसते), ती पक्की करावी आणि मगच प्रारूपाने बरोबर किती दिले व गाळले किती, हे दोन्ही वेगवेगळे मोजावे.