मदत हवी आहे: नायिका शेवटपर्यंत बेताच्याच रूपाची राहते, असे प्रेमपट सुचवा

नमस्कार. आमच्या वाचनालयाच्या चित्रपट मंडळाने पुढच्या सत्रासाठी ‘बेताच्या रूपाची नायिका आणि देखणा नायक’ हा विषय ठरवला असून प्रास्ताविक करण्याचे आणि चित्रपट निवडण्याचे काम माझ्याकडे आले आहे. या विषयावरचे चित्रपट भरपूर आहेत, परंतु मला त्यांतला जो प्रकार हवा आहे तो फारच विरळ दिसतो, म्हणून जाणकारांना विचारत आहे.

पहिली अडचण कायापालटाची. बहुतेक कथांमध्ये प्रेम जुळण्याआधीच नायिकेचा चष्मा जातो, दातांच्या तारा निघतात, केस मोकळे सुटतात, आणि मग नायकाला जे दिसते ते रस्त्यावरच्या कोणालाही दिसले असते. १९४२ सालच्या ‘नाऊ, व्हॉयेजर’मधली बेटी डेव्हिसची शार्लट सुरुवातीला आईच्या धाकात दबलेली, जाड भुवयांची, चष्म्यातली अविवाहिता आहे, पण बोटीवर तिला प्रियकर भेटतो तो ती मोठी टोपी आणि उत्तम कपडे घालून अवतरल्यानंतरच. (तो विवाहित असल्याने तिला पूर्णपणे लाभतही नाही, हा भाग वेगळा.) ‘माय बिग फॅट ग्रीक वेडिंग’ (२००२) या बाबतीत अधिक बोलका आहे. त्यातला नायक टूलाला आधी तिच्या वडिलांच्या उपाहारगृहात पाहतो, पण ती त्याच्या मनात भरते ती पुढे प्रवास कंपनीच्या काचेआड, चष्मा उतरवून आणि केस नीट करून बसलेली असताना. आपल्याकडे २००३ साली सुरू झालेल्या ‘जस्सी जैसी कोई नहीं’चेही तेच झाले. मूळ कोलंबियन मालिकेप्रमाणे तिच्यातही नायिकेला शेवटी बदलावेच लागले.

दुसरी अडचण मला अधिक महत्त्वाची वाटते. जिथे नायिका बदलत नाही, तिथे बहुधा नायकाला खाली उतरवले जाते. ‘जेन आयर’ हे याचे सर्वांत जुने उदाहरण म्हणता येईल. साधी, नाकीडोळी बेताची जेन अखेरपर्यंत तशीच राहते; पण तिचा नायक रॉचेस्टर तिला मिळतो तो आगीत दृष्टी आणि एक हात गमावल्यानंतर. मूळ कादंबरीत तोही देखणा नाही, हे चित्रपटवाल्यांना बहुधा सोयीचे नसावे, कारण २०११ च्या आवृत्तीत त्या जागी मायकेल फासबेंडर आहे.

‘दम लगा के हईशा’ (२०१५) मला मनापासून आवडतो आणि सत्रात तो दाखवायचाच असे ठरवले आहे, तरीही तो याच चौकटीत बसतो. भूमी पेडणेकरची संध्या बी.एड. झालेली, स्वतःचे मत ठामपणे मांडणारी आणि स्थूल आहे. आयुष्मान खुरानाचा प्रेम शाळेत नापास झालेला, हरिद्वारमधल्या कॅसेटच्या दुकानात बसून कुमार सानूची गाणी ऐकणारा. मित्रांसमोर तो तिचा अपमान करतो, तेव्हा ती त्याला सर्वांदेखत थप्पड मारते आणि घर सोडते. घटस्फोटाच्या अर्जावर न्यायालय दोघांना काही महिने एकत्र राहायला सांगते आणि त्या सक्तीच्या सहवासात तो तिला ओळखू लागतो. शेवटी पत्नीला पाठीवर घेऊन धावण्याच्या शर्यतीत तिचे वजन तो अक्षरशः पेलतो. संध्या एक किलोही कमी करत नाही, ही या चित्रपटाची खरी कमाई आहे. पण प्रेम यशस्वी आणि आत्मविश्वासू असता, तर त्याने संध्येकडे वळून पाहिले असते का, हा प्रश्न पटकथेने स्वतःला विचारलेलाच नाही. माझा शोध नेमका तिथून सुरू होतो.

माझ्या अटीत जवळजवळ पूर्ण बसणारा एकच चित्रपट मला सापडला आहे, तो म्हणजे ‘हेअरस्प्रे’ (१९८८ आणि २००७). बाल्टिमोरमधली स्थूल ट्रेसी शेवटपर्यंत स्थूल राहते आणि देखणा लिंक देखणाच राहून तिच्या प्रेमात पडतो. मात्र ट्रेसी मुळीच बुजरी नाही, ती मंचावर छाप पाडणारी नर्तिका आहे. ‘ब्रिजेट जोन्स’बद्दल माझा आक्षेप वेगळा आहे. तिची फजिती खरी वाटते आणि तिचा नायक मार्क डार्सीही सर्वार्थाने यशस्वी आहे, पण हेलन फील्डिंगच्या कादंबरीतल्या पहिल्याच नोंदीत तिचे वजन ९ स्टोन ३ पौंड, म्हणजे सुमारे ५८ किलो आहे. एवढ्या वजनाच्या बाईला जाडी म्हणून मंडळातल्या भगिनींसमोर उभे करण्याचे धाडस मला होणार नाही.

‘मार्टी’ (१९५५) उत्तम असूनही मी बाजूला ठेवला आहे, कारण त्यात नायकही तितकाच सामान्य रूपाचा आहे. ‘द एअरेस’ (१९४९) मधल्या माँटगोमेरी क्लिफ्टचा डोळा पैशांवर असल्याने तोही नको.

मराठीत ‘वजनदार’ (२०१६) वजनाबद्दल आहे, परंतु प्रेम जिंकण्याची ती गोष्ट नाही. ‘रंग माझा वेगळा’ या मालिकेत सावळी नायिका दाखवण्यासाठी रेश्मा शिंदे यांना गडद रंगभूषा करण्यात आली होती. सावळ्या वर्णाच्या अभिनेत्रीला ती भूमिका का दिली नाही, हा प्रश्न मी प्रास्ताविकात घेणारच आहे. त्यामुळे त्यावर इथे चर्चा लांबवू नये, ही विनंती.

तर मला पुढील मदत हवी आहे. नायिका रूपाने बेताची किंवा वागण्यात अवघडलेली असावी, कायापालट नसावा, आणि नायक अपंगत्व, दारिद्र्य, सक्ती किंवा फसवणूक यांपैकी कशामुळेही तिच्यापर्यंत आलेला नसावा, असा एखादा मराठी चित्रपट कोणी पाहिला आहे का? जुना कृष्णधवल असला तरी चालेल. मराठीत नसल्यास तमिळ, मल्याळम किंवा बंगाली सुचवावा, कारण तिकडचे माझे पाहणे फार थोडे आहे. नायकाला ती नेमकी कोणत्या प्रसंगात आवडू लागते, हे दोन ओळींत लिहिल्यास निवड करणे सोपे जाईल, आणि सदस्यांत बरेच ज्येष्ठ असल्याने वाचता येतील अशी उपशीर्षके कुठे मिळतात, तेही कळवावे. प्रत्येक चित्रपटातला एखादाच वीस मिनिटांचा तुकडा दाखवायचा आहे, त्यामुळे संपूर्ण चित्रपट अटीत बसत नसला तरी एखादा प्रसंग बसत असेल, तर तोही जरूर सांगावा.